चहा टाकू का?

“बाबा, लसूण तुम्ही मुद्दाम करपवता का?”

प्रश्न तिने एका दमात विचारला आणि मागे वळून बेकरीच्या काचेच्या दाराकडे पाहिलं. दाराबाहेर तिच्या मैत्रिणी, लंबू आणि चष्मिष, एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. पैज हीच होती: गिऱ्हाइकासमोर विचारायचं, आणि मोठ्याने. गेले काही दिवस तिच्या डब्यातल्या ब्रेडवरचं लसूण-बटर कडू लागत होतं. एरवी तिचा डबा उघडायच्या आत हात पुढे करणाऱ्या या दोघींनी काल चक्क स्वतःचा डबा खाल्ला होता.

बाबा हसले. पण हसण्याआधी त्यांनी घरात उघडणाऱ्या आतल्या दाराकडे पाहिलं.

“अगं, खरपूस म्हणतात त्याला.”

“खरपूस नाही, कडू! लंबूने तर त्यावर अख्खी बाटली संपवली पाण्याची.”

“काहीतरीच काय बोलतेस, पोरी,” ब्रेड घ्यायला आलेले आजोबा मध्ये पडले. “तुझ्या बाबाचं नाक म्हणजे नाक आहे. भट्टीत काय झालं, काय राहिलं, हा माणूस रस्त्यावरून सांगतो. आम्ही काय उगाच येतो होय इतक्या लांबून?”

बाबांनी आजोबांची पिशवी भरून दिली. नेहमीपेक्षा जरा हळूच.

वर्षापूर्वी असला प्रश्न तिच्या तोंडून निघालाच नसता. वर्गात हजेरीलासुद्धा तिचा आवाज फुटायचा नाही. मग बाबांनी तिला काउंटरमागे पिठाच्या रिकाम्या डब्यावर उभं केलं आणि काम दिलं: ताजा ब्रेड बाहेर आला की ओरडायचं. पहिल्या दिवशी तिचं ओरडणं फक्त पायरीवरच्या मांजराला ऐकू गेलं. “मांजराला तरी गेलं ना,” बाबा म्हणाले, “उद्या शेजारच्या टेलरला जाईल.” आता मैत्रिणी तिला भोंगा म्हणायच्या, आणि ते नाव तिला जाम आवडायचं.

पैज ती जिंकली. पण बाबांनी आतल्या दाराकडे का पाहिलं, ते काही तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती गणवेश चढवून, एक वेणी घालून आणि एक तशीच ठेवून, भट्टीपाशी येऊन बसली.

ब्रेड निघाला होता. माथे छाटलेले, तेलाचा हात फिरवलेले लसणाचे अख्खे गड्डे झाकणाच्या डब्यात बसवून बाबांनी तो डबा निवत चाललेल्या भट्टीत सरकवला. भट्टीचा ताव रोज निराळा, म्हणून इथे घड्याळ चालत नाही. झाकण उघडून बघावं तर लसूण सुकतो. सगळा खेळ वासाचा. उग्र वास जाऊन गोडसर सुटला की डबा बाहेर. मग मऊ पाकळ्या पिळायच्या, मीठ घालून घोटायच्या, बटरमध्ये फेटायच्या आणि वरून कोथिंबीर.

बाबा बटर फेटत होते. गोडसर वास सुटला. तिने मान वर केली. बाबा फेटतच राहिले. वास दाट झाला, मग त्याला धार आली, तिच्या घशात खवखवलं. बाबा भट्टीपासून हातभर अंतरावर होते आणि आतल्या दाराकडे बघत होते.

आतून एक जोरदार शिंक आली. पाठोपाठ आईचा बसका आवाज.

“अहो, चहा टाकू का?”

“टाक!” म्हणत बाबांनी झटकन डबा ओढला.

हे सवालजवाब ती रोज अंथरुणातून ऐकायची. ‘विचारते रोज, पण चहा काही येत नाही,’ अशी थट्टाही करायची. आज तिने आत डोकावलं. गॅसवर काहीच नव्हतं. आई दाराला लागून स्टुलावर बसली होती, भट्टीकडे तोंड करून, नाकाला रुमाल लावून.

तिला बाबांचा मागचा तो मोठा ताप आठवला. ताप उतरला तेव्हा घरात केवढा आनंद झाला होता. जाताना तो काय घेऊन गेला, ते कोणीच बोललं नव्हतं.

“आई, बाबांना वास येत नाही,” ती म्हणाली. भोंग्याला इतकं हळू बोलता येतं, हे तिलाही नवीनच होतं.

आईने रुमाल बाजूला केला. “आणि सर्दी झाल्यापासून मलाही येत नाहीये. अंदाजाने विचारतेय. बाहेर बोलू नकोस हं. लोकांना वाटतं, दुकान त्या नाकावर चालतं. ह्यांनाही तसंच वाटतं.”

“म्हणजे तू रोज, इतक्या पहाटे उठून...”

“चहाचं विचारायला काय लागतं गं?”

तिने आईच्या खांद्यावरून घसरलेली शाल वर ओढली आणि तिथेच घट्ट धरून ठेवली. मग ती बाहेर आली. बाबा करपलेल्या पाकळ्या वेगळ्या काढत होते, डोळ्यांना दिसतील तेवढ्या. दुसरा डबा भट्टीत गेला होता.

ती पिठाच्या डब्यावर चढली. आता उंचीसाठी त्याची गरज नव्हती, तरी चढली. डोळे मिटून घेतले. उग्र. उग्रच. अजून उग्र. मग हळूच, कडेकडेने, गोड.

“बाबा! चहा टाकू का?”

“मलाही टाक गं!” भिंतीपलीकडून टेलरकाका ओरडले.

बाबांचा हात बटरमध्ये थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“टाक,” ते म्हणाले. मांजरालाच ऐकू जाईल इतक्या आवाजात.

डबा उघडला. पाकळ्या मधाच्या रंगावर आल्या होत्या. त्यांनी घोटलं, फेटलं, आणि पहिला ब्रेड कडेपर्यंत माखून तिच्या हातात दिला. तिने तो उभ्याउभ्या संपवला, बोटंही चाटली. शाळेची वेळ होत आली होती आणि दुसरी वेणी अजून व्हायची होती.

“उद्यापासून चहाचं मी विचारणार,” तिने दोघांनाही सांगून टाकलं. “आई, तू झोपून राहायचं. आणि मी विचारलं की चहा खरंच टाकणारही. तीन कप. टेलरकाकांचा धरून चार.”