कॅलम रडला ती जागा

लुईस बेटाच्या त्या टोकावरचा प्रत्येक खडक, ओहळ आणि उंचवटा तिथल्या जुन्या गेलिक बोलीतल्या नावानिशी, अर्थासकट नकाशावर उतरणार म्हटल्यावर गाव खूश झालं. एकट्या डॉलिनाला तो नकाशा नको होता.

रानातल्या दलदलीत एका जागी फार वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची गाय रुतली होती. माणसं दोर घेऊन धावली, तर कॅलम, म्हणजे तिचे वडील, गवताच्या ढेकळावर बसून लहान मुलासारखे रडत होते. गाय दोर लागायच्या आत आपली आपण बाहेर आली. तेव्हापासून त्या जागेचं नाव 'कॅलम रडला ती जागा'. चुलीसाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापायला जाणारे हसत हसत म्हणायचे आणि डॉलिना दिसली की गप्प व्हायचे.

आता पीट कापायला जातंय कोण? घरोघर तेलाचे बंब आले होते. नाव आपसूक मरायला टेकलं होतं. पण नावं गोळा करणारी एफी तान्ह्या लेकीला पोटाशी बांधून दारोदार हिंडताना पाहिली, आणि डॉलिनाला धीर धरवेना. एफीचा नियम असा, की दोन निरनिराळ्या माणसांनी सांगितल्याशिवाय नाव लिहायचं नाही. म्हणजे तोंडं सगळ्यांचीच बंद करायला हवीत. डॉलिनानं मनुका घालून स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, भाजले, फडक्यात बांधले आणि एफीच्या आधी घरं गाठायला निघाली.

"त्या दलदलीतलं एक नाव तेवढं सांगू नका हं."

"कुठलं?" तरुण सुना विचारायच्या. त्या बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नसायचं. मग डॉलिनाला सांगणं भागच पडायचं.

शेजारच्या म्हाताऱ्या तॉर्मोदनं स्कोनला लोणी लावता लावता शब्द दिला. "माझ्या तोंडून अक्षर निघायचं नाही. मनुका घालताना मात्र हात आखडतेस तू."

गावानं शब्द पाळला. हॉलमध्ये कच्चा नकाशा लागला, चहा झाला, ही गर्दी. शिंप्याचा खडक, इशबेलच्या मेंढीची उडी, झोपाळू म्हाताऱ्याची विहीर. ज्याला त्याला आपलं कुणी ना कुणी सापडत होतं. दलदलीच्या मधोमध मात्र कोरा पांढरा डाग, आणि येईल तो आधी तिथंच बोट टेकवत होता. शाळकरी पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत खिदळत होती, "ही बघ, कॅलमची."

डॉलिना त्या डागाकडे बघत राहिली. गावच्या मेंढीला जागा मिळाली होती. तिच्या बापाला नव्हती.

"इथलं नाव कुणालाच कसं येत नाही?" एफी बाळाला थोपटत स्वतःशीच म्हणाली.

"येतं की," डॉलिना म्हणाली, आणि सांगून मोकळी झाली.

"बरं झालं बाई. पण आणखी एक जण लागेल, मावशी."

डॉलिना वळली. "तॉर्मोद, सांग रे हिला."

"मी? मी शब्द दिलाय."

"मी सोडवते तुला त्यातून."

"आणि खाल्लेल्या स्कोनचं काय?"

"तॉर्मोद."

"बरं. पण मग पुरतं सांगणार. अर्धवट मला जमत नाही."

एफीनं रेकॉर्डर चालू केला. तॉर्मोदनं आधी नाव उच्चारलं, मग सांगायला लागला. त्या वर्षी कॅलमची बायको क्षयाच्या इस्पितळात होती. घरात तान्ही डॉलिना. तिच्या पोटात कुणाचंच दूध ठरत नव्हतं, ठरायचं ते त्या एका गाईचं.

"गाय गेली की पोर गेली, एवढंच म्हणत होता तो. मी तिथंच होतो, आईचा हात धरून. गाय वाचली म्हणून तर लोकांना हसायला सुचलं. नाहीतर कोण हसतंय?"

पोरांनी डागावरची बोटं काढून घेतली. डॉलिना खुर्ची ओढून बसली.

"हे माझ्याजवळ कधी कुणी बोललं नाही."

"तू बोलू कुठं दिलंस? विषय निघायचा अवकाश, की तुझं दार धाडकन बंद."

एफीचं बाळ कुरकुरायला लागलं. डॉलिनानं न विचारता हात पुढे केले, बाळाला घेतलं आणि त्याचं डोकं खांद्यावर टेकवलं.

"अर्थाला एकच ओळ ठेवलीय मी," एफी अवघडून म्हणाली. "एवढं सगळं मावायचं नाही त्यात."

"मग नकाशा मोठा कर," डॉलिना म्हणाली.