शिंगाड्या आणि निळ्या बाटल्या

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या शिंगाड्या राक्षसाची शिंगं इतकी लांब होती, की टीव्ही भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवायला लागायचा. नाहीतर भिंतीचे पोपडेच पडायचे.

टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम आणला होता माझ्या मुलासाठी. तो चार दिवस खेळला आणि त्याला मिशी फुटली. मग दुपारी भांडी आवरली की मी आणि माझी मोठी जाऊ, अक्का, अशा आम्ही दोघीच बसायला लागलो. गेममधल्या तलवारवाल्या गड्याला आम्ही भाऊजी म्हणायचो. त्याला गावोगाव हिंडवायचं, अंगावर येणारे चिखलाचे गोळे ठेचून ताकद वाढवायची, आणि शेवटी महालात शिरून शिंगाड्याला लोळवायचं. रिमोट एकच, म्हणून तो दोघींच्या मांडीवर आडवा. दिशेचे बाण माझ्याकडे, मारायची बटणं अक्काकडे. मी चालवायची, ती मारायची. एकटीला कधी जमलंच नाही.

आमचा भाऊजी इतका तगडा झाला, की चिखलाचे गोळे त्याला लांबून बघूनच जीव द्यायचे. पण शिंगाड्या काही मरेना. पुढे सुना आल्या, नातवंडं आली, आणि गेम माळ्यावर गेला.

परवा अक्का कायमची लेकीकडे राहायला निघाली. सामान काढताना तो हाताला लागला. टीव्ही अक्काचा, म्हणून तोही टेम्पोत जाणार होता. अक्का म्हणाली, टेम्पो यायच्या आत त्या मेल्याचा निकाल लावायचा.

"तिकडे बाण कोण सांभाळणार?" एवढंच बोलली आणि वायरी जोडायला लागली.

मी कॅसेटमध्ये अशी फुंकर मारली, की समोरच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे उडाले. आणि बघते तर भाऊजी महालाच्या दारात जसाच्या तसा उभा.

आत शिरलो. शिंगाड्याने आग ओकली, भाऊजी अर्धमेला झाला. अक्काने त्याला औषधी पाला खायला घातला. झोळीत निळ्या बाटल्या खच्चून भरलेल्या. एका घोटात मेलेला माणूस उठून फुगडी घालेल असलं औषध. पण एकीचंही बूच आम्ही कधी काढलं नव्हतं. निळी दे, असं मी म्हटलं की अक्काचं ठरलेलं, राहू दे, अडीनडीला लागते. भाऊजी मेला. परत शिरलो, परत पाला, परत मेला.

तेवढ्यात टेम्पोवाला आला. पेट्या नेल्या, गादी नेली, टीव्ही न्यायला आला आणि तिथेच जमिनीवर फतकल मारून बसला. भाऊजी पुन्हा गुडघ्यावर आलेला, आणि अक्का पाला शोधतेय. माझं डोकंच फिरलं.

"अक्का, त्या बाटल्या काय लेकीकडे बांधून नेणारेस?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे गच्च मिटले आणि बटण दाबलं. भाऊजी टुणकन उभा. मग तिचा हात जो सुटला तो सुटलाच. भाऊजीला ओरखडा आला, घ्या बाटली. धाप लागली, घ्या बाटली. शिंगाड्याची आग संपली पण आमच्या बाटल्या संपेनात. शेवटी शिंगाड्या पडला तो असा, की खालच्या मजल्यावरचे विचारायला वर आले. टेम्पोवाला डोळे पुसत होता. डोळ्यात कचरा गेला म्हणाला.

गाणं वाजलं, नावं सरकली, पडदा काळा झाला. आणि बघते तर भाऊजी परत महालाच्या दारात. शिंगाड्या आत धडधाकट. टेम्पोवाल्याने समजावलं, मावशी, हे गेम असेच, शेवट झाला तरी शेवटच्या आधीच आणून सोडतात.

मला वाटलं, आता अक्का रडणार. तिने आधी झोळी उघडून बघितली. सगळ्या बाटल्या शाबूत. चेहरा असा फुलला, की टेम्पोवाल्याने उगीचच खिडकीकडे बघितलं, ऊन कुठून आलं म्हणून.

"टीव्ही इथेच राहू दे रे," अक्का त्याला म्हणाली. "मेला अजून जिवंत आहे. मला यायलाच लागणार."

टेम्पो हलला तरी ती खिडकीतून मान काढून मला दटावत होती, माझ्यामागे शिंगाड्याच्या वाटेला जाशील तर बघ.