गोळी घेतली की माझी सुट्टी

मी बोलतोय, एका स्वयंपाकीणबाईंच्या यकृतातून. मी एक विकर. हल्ली सगळे एंझाइम म्हणतात. पूर्ण नाव सायटिडीन डीअमायनेज. घाबरू नका, मोठं काय ते नावच आहे. मी स्वतः इतका चिमुकला की सुईच्या टोकावर आमचं अख्खं गाव वसेल.

काम सरळ आहे. पेशी जुन्या झाल्या की त्यांच्या जनुकांतली अक्षरं सुटी होतात. त्यातलं सायटिडीन माझ्या खोबणीत आलं, की मी त्याच्या अंगावरचा एक छोटा तुकडा काढतो आणि त्याचं युरिडीन करतो. जुना सदरा उसवून कापड दुसऱ्या कामाला लावावं, तसं. मी झिजलो की हुबेहूब माझ्यासारखा दुसरा जागेवर हजर असतो, म्हणून 'मी' म्हणजे आम्ही सगळेच असं समजा.

आमचं खानदान मोठं. एक चुलतभाऊ पांढऱ्या पेशींत राहतो. तो प्रतिपिंडांच्या जनुकांत मुद्दाम फेरफार करतो आणि त्यातूनच रोगजंतूला घट्ट धरणारं प्रतिपिंड तयार होतं. दुसरे भाऊबंद घुसखोर विषाणूची अक्षरं अशी बिघडवून ठेवतात की त्याचा वंशच खुंटतो. क्वचित त्यांचा हात भलतीकडे पडतो आणि कर्करोगाला वाट मिळते, तेही खरं. मी मात्र घरकोंबडा.

माझं घर छातीच्या पडद्याला चिकटून आहे. बाई हसल्या की ते गदागदा हलतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्या पातेल्यासमोर उभ्या असायच्या, तोंडाने बडबड चालू, आणि हात आपोआप डाव घेऊन तळहातावर थेंब टाकायचा. थेंब जिभेवर, मान हलली, चिमूटभर मीठ पातेल्यात. चव घेतल्याशिवाय त्यांनी कधी पातेलं उतरवलं नाही.

मग हाडांतली मज्जा बिघडली. रक्त धड तयार होईना, बाई पायऱ्या चढताना बसू लागल्या. त्यावरचं औषध दिसायला थेट सायटिडीनचा भाऊ! तोंडाने दिलं तर आतड्यात आणि यकृतात आम्ही लोक त्याचा फडशा पाडणार. आलेलं काम करायचं एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून दर महिन्याला काही दिवस बाई रुग्णालयाच्या खाटेवर, हातात सुई. त्या दिवसांत माझं घर जराही हललं नाही. बाई भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता गोळी देते. एका गोळीत दोन औषधं आहेत. एक मज्जेसाठी, दुसरं वाटेतल्या त्या उद्योगी विकराला अडवायला. घरी राहा, झेपेल तेवढं काम करा. पण गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास पोटात काही जायला नको. रक्ताचे आकडे सुधारले तर हेच चालू ठेवू, नाहीतर परत सुई."

उद्योगी विकर म्हणजे मी, बरं का!

पहिल्या सकाळी गोळी आली. दुसरं औषध माझ्या खोबणीत शिरलं आणि आगंतुक पाहुण्यासारखं ठाण मांडून बसलं. पहिलं समोरून सुखरूप निघून गेलं. आणि तासाभरात वरून काय यावं? भाजीचं सूप! वसतिगृहाच्या पातेल्यासमोर बाईंच्या हाताने सवयीने चव घेतली होती. एकदा नाही, चांगली चार-पाचदा.

घरी येताच बाई यजमानांना म्हणाल्या, "अहो, माझ्या जिभेनेच घात केला! आता पुन्हा ती खाट."

त्यांचे यजमान निवृत्त बसचालक. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. उत्तर आलं, "आज झालं ते झालं, दुसरी गोळी घेऊ नका. उद्यापासून सांभाळा."

दुसऱ्या दिवशी यजमान वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात हजर. "डाव इकडे दे. चव मी बघणार."

"तुम्ही? तुम्हाला सगळंच छान लागतं."

त्यांनी फुंकर मारून घोट घेतला. जिभेवर घोळवला. मग चाचरत म्हणाले, "मीठ कमी आहे."

"काय म्हणालात?"

"आणि मिरी जरा जास्त झालीय."

"म्हणजे इतकी वर्षं छान छान म्हणत गिळत होतात?"

"अगं, इतकी वर्षं चव तू घेत होतीस."

बाईंनी चिमूटभर मीठ पातेल्यात टाकलं. त्यांचा एक खोल श्वास मला इथे खाली जाणवला.

पुढच्या गोळ्या रिकाम्या पोटी गेल्या. काही महिन्यांनी डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "आकडे वर चाललेत. गोळीच चालू ठेवू."

एक विनंती करतो. मला वैरी समजू नका. मी कुणात कमी असतो, मग अशी औषधं अंगात रेंगाळून त्रास देतात. कुणात जास्त असतो, मग ती वाया जातात. तेव्हा असं औषध देण्याआधी माझी जरा चौकशी करत जा. मी कामसू आहे, दुष्ट नाही.

आज पुन्हा गोळीचा दिवस. पाहुणा ठाण मांडून बसलाय, माझ्या हाताला काम नाही. वर यजमान घोट घेऊन रुबाबात सांगतायत, "लिंबू पिळ अजून." बाई म्हणतायत, "बघा हं, माझी नोकरी जाईल तुमच्यापायी!" आणि खळखळून हसतायत.

माझं घर गदागदा हलतंय. हलू दे.