तापी पूर्वेला वाहते

"तालुक्यातील एकही विद्यार्थी शिक्षणापासून वंचित नसून ऑनलाइन उपस्थिती शंभर टक्के आहे." करोनाच्या पहिल्या पावसाळ्यात शिक्षण विस्तार अधिकारी हितेंद्र भामरे यांनी हे विधान धुळ्याच्या जिल्हा कार्यालयाला कळवले, आणि धुळ्याने ते समाधानाने पुढे पाठवले.

या वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता, एवढे श्रेय भामऱ्यांना दिलेच पाहिजे. त्यांनी फक्त शब्दांचे अर्थ बदलले होते. 'विद्यार्थी' म्हणजे ज्याच्या घरातल्या कोणाचा तरी मोबाइल नंबर शाळेकडे आहे तो. 'ऑनलाइन' म्हणजे शिक्षकाने सकाळी त्या नंबरावर धाडलेला व्हिडिओ. 'उपस्थिती' म्हणजे व्हिडिओखाली उमटलेला अंगठा. ज्या अंगठ्याविरुद्ध राज्याने पिढ्यान्‌पिढ्या साक्षरतेच्या मोहिमा चालवल्या, तोच आता शिक्षणाचा पुरावा ठरला होता. धूर दिसला की न्यायशास्त्रातले नैयायिक अग्नीचे अनुमान करतात. भामरे अंगठा दिसला की ज्ञानाचे करत.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या ज्योत्स्ना महाजन यांना हे अनुमान पटेना. मूळच्या त्या धरणगावच्या; कापसाच्या गावात वाढलेल्या, त्यामुळे नुसता गाठोड्याचा फुगवटा पाहून आत काय आहे ते ठरवायचे नाही, एवढे त्यांना उपजतच ठाऊक होते. एके दिवशी मास्क बांधून त्या पाड्यावर गेल्या आणि सहावीतल्या रेशमाच्या हाती पुस्तक दिले. गेल्या वर्षी हीच पोर परिपाठाला धडाधड वाचायची. आता तिचे बोट एका जोडाक्षरापाशी अडले, पुन्हा अडले, आणि मग तिने पुस्तक मिटून आपल्या मागे लपवले. नोंदीनुसार ती रोज हजर होती.

तिचा बाप लोटन धुळ्याच्या बाजारात हमाली करी; त्या दिवशी तो घरी होता.

"लोटनभाऊ, रोज अंगठा तर येतो तुमचा. व्हिडिओ कोण पाहतं?"

"फोन तं मनाजोडे धुयामा ऱ्हास, म्याडम," लोटन प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला. "तुमना मेसेज उना का मी लगेच अंगठा दाबी देस. तुमले बरं वाटाले जोयजे ना!"

"आणि रेशमा?"

"ती काय देखस? ती आठे, फोन तठे." मग त्याने सहज सांगून टाकले, "दिवाळीनंतर आम्ही बठ्ठा सौराष्ट्राले जासूत, कापूस येचाले. तिलेबी लई जासूत. शाळा तं फोनमाच शे. मंग ती तठेबी शाळामाच ना?"

भामऱ्यांच्या सिद्धान्ताचा इतका निर्दोष निष्कर्ष खुद्द भामऱ्यांनाही काढता आला नसता.

"आणि मी इथंच मोहाच्या झाडाखाली वर्ग भरवला तर?"

"वर्ग भरना तं फुईजोडे ठी जासू तिले. पन रिकामं घर राखाले पोर ठेवाव नही."

म्हणजे दिवाळीच्या आत मोहाखाली वर्ग भरला तर रेशमा आत्याकडे राहणार, नाहीतर तिचे वाचन कायमचे कापसात जाणार. ज्योत्स्नाबाईंनी त्याच आठवड्यात रीतसर अर्ज केला. भामऱ्यांचा फोन आला.

"मॅडम, ऑनलाइन शंभर टक्के असताना ऑफलाइन कशाला? वरून विचारलं तर काय सांगू, आमच्याकडे एकशे दहा टक्के आहे?"

"सर, मुलीला जोडाक्षर वाचता येत नाही."

"उपस्थिती आहे ना? मग येईल हळूहळू."

मुख्याध्यापक मोतीलाल नानांनी वेगळा सल्ला दिला. "ज्योत्स्नाताई, क्रांती अवश्य करा. पण माझी पेन्शन बसू द्या, मग करा."

बाईंनी क्रांती केली नाही. त्यांनी एक व्हिडिओ केला. फळ्यासमोर उभे राहून, शांत, सुस्पष्ट आवाजात त्यांनी सांगितले की तापी नदी सुरतेजवळ समुद्रात उगम पावते, तिथून पूर्वेला वाहत खानदेशात येते, मुक्ताईनगर ओलांडून डोंगर चढते आणि मुलताईला जाऊन विसावते. नकाशावर छडी फिरवून त्यांनी नदीचा चढही दाखवला.

अंगठे आले. लोटनचा सर्वांत आधी. पाठोपाठ, तालुक्यातल्या शाळांच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात सामील असलेल्या भामऱ्यांचा. आणि त्याखाली अभिप्राय: 'अत्यंत अभ्यासपूर्ण मांडणी! मॅडमचे अभिनंदन. सर्व शाळांनी हा व्हिडिओ वापरावा.'

सर्व शाळांनी वापरला. तापी तालुकाभर डोंगर चढत राहिली आणि कोणालाही धाप लागली नाही. फिरत फिरत व्हिडिओ जळगावच्या एका निवृत्त भूगोल शिक्षकांकडे गेला. ते तालुक्याबाहेरचे असल्यामुळेच बहुधा, त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि संतापून तक्रार केली. लगेच ज्योत्स्नाबाईंना नोटीस निघाली: विद्यार्थ्यांना हेतुपुरस्सर चुकीची माहिती दिल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये? खाली सही हितेंद्र भामरे यांची.

पंचायत समितीत सुनावणी झाली. टेबलाच्या एका बाजूला गटशिक्षणाधिकारी, दुसऱ्या बाजूला भामरे आणि बाई. कोपऱ्यात मोतीलाल नाना, मास्क डोळ्यांपर्यंत ओढून.

"शेकडो मुलांची दिशाभूल केली यांनी, साहेब!" भामरे म्हणाले. "तापी माय उलटी वाहवली!"

"एकाही मुलाची नाही केली," बाई म्हणाल्या. "पाड्यावर जाऊन मी प्रत्येकाला विचारलं. व्हिडिओ कोणी पाहिलेलाच नाही. दुसऱ्या शाळेतलं एक मूल आणून दाखवा, ज्यानं तो पाहिला. मी आजच राजीनामा देते."

"अहो, उपस्थिती शंभर टक्के आहे!"

"मग तुमचाही अंगठा त्यात आहे, सर. आता तुम्हीच ठरवा. व्हिडिओ पाहून अंगठा दिला असेल, तर तापीला डोंगरावर चढवण्यात आपण दोघे भागीदार. नोटीस दोघांना हवी. न पाहता दिला असेल, तर अंगठा म्हणजे उपस्थिती नव्हे, आणि माझा अर्ज अडवायला तुमच्याकडे कारण उरत नाही."

कोपऱ्यातून नानांचा खोकला ऐकू आला. त्या काळात खोकल्याकडे सगळे दचकून पाहत. तो खोकला नसून दाबलेले हसू आहे, हे कळायला जरा वेळ लागला.

"भामरे," गटशिक्षणाधिकाऱ्यांनी बाईंचा अर्ज पुढे ओढला, "सरळ सांगा. पाहिला होता का?"

भामऱ्यांनी खिडकीकडे पाहिले, पंख्याकडे पाहिले, नानांकडे पाहिले. नाना जमिनीकडे पाहत होते. मग भामऱ्यांनी तोंड उघडले. बाईंनी विनंती केली, उत्तर शब्दशः लिहून घ्यावे. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लिपिकाला खूण केली, उत्तर शेवटपर्यंत ऐकले, आणि मोहाखालच्या वर्गाच्या अर्जावर दिवाळीच्या आतली तारीख घालून सही केली. इतिवृत्तात भामऱ्यांचे उत्तर असे आहे:

"नाही साहेब, पाहिला नव्हता. हाच नाही, कोणाचाच पाहिलेला नाही. पाहत बसलो असतो तर शंभर टक्के झाले असते का?"