मान वर

फणीच्या बारीक दातांत आज एकच केस होता – लांब, टोकाशी भुरकट – आणि ऊ एकही नव्हती. नसणारच होती, कधीपासूनच नव्हती, तरी स्वप्नाने फणी कागदावर दोनदा आपटून पाहिली. सवय. मार्चमध्ये मनस्वीच्या उजव्या कानाखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "काय नाय गो, उवा झाल्या असतील. शाळेतनं आणतात पोरं. डोकं साफ कर, गाठ आपोआप बसंल." आणि बी.एस्सी. झालेली, जंतूंवर एक अख्खा पेपर सोडवलेली स्वप्ना रोज संध्याकाळी पायरीवर बसून सहा वर्षांच्या लेकीचं डोकं विंचरत राहिली... दोन महिने. उवा सापडत होत्या, हेच वाईट झालं. एकही सापडली नसती तर...

मग वाटाण्याची काजूची बी झाली, शेजारी दुसरी आली, संध्याकाळची कणकण सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घातली. "टीबी आहे, पण गाठींचा. छाती स्वच्छ आहे, हिच्यापासून कुणाला होणार नाही. सहा महिने गोळ्या. एक दिवस चुकवायचा नाही." स्वप्नाने मान हलवली होती. रडायला येईल असं वाटलं होतं, आलं नाही. तेव्हापासून काहीच आलं नाही – आत कुठेतरी भूल दिल्यासारखं झालं होतं आणि ती उतरलीच नव्हती.

आज बावन्नावा दिवस. रविवार. गोळ्या पाण्यात विरघळल्या, मनस्वीने डोळे मिटून पेला संपवला, मोरीत लघवी केशरी झाली. औषध अंगात भिनल्याची ती खूण स्वप्नाने रोजच्यासारखी दारात उभं राहून पाहिली. मग बोट. तर्जनी, कानाखाली, तिथून हळूहळू खाली... महिन्याभरात गाठ बसत आली होती, आणि गेल्या आठवड्यात पुन्हा फुगली. सकाळी, शाळेतून आल्यावर, जेवणाआधी, झोपेत – इतक्यांदा चाचपली होती की आता बोटालाच काही कळेनासं झालं होतं. कालची मोठी की आजची? की दोन्ही बोटाचेच भास?

"गाठींच्या टीबीत होतं असं कधीकधी," डॉक्टरीणबाई काल म्हणाल्या. "औषध लागू पडत असतानाही गाठ फुगते. किंवा..."

"किंवा?"

"किंवा पुरेसं लागू पडत नसेल. गाठीतलं पाणी तपासायला पाठवलंय. तोवर गोळ्या चालूच. आणि आई, तिथे सारखा हात लावू नका."

दुपारी मुंबईहून नवऱ्याचा, प्रथमेशचा फोन आला. "लहान झाली की मोठी, तेवढंच सांग."

"कळत नाय."

"म्हणजे काय? रोज बघतेस ना तू?"

बघतेच. त्या दोन महिन्यांतही बघतच होते मी, फणीने भांग पाडपाडून बघत होते... तिने फोन ठेवला, पानं घेतली.

वाफाळता भात, वर बांगड्याचं सार. मनस्वीच्या गालावर शीत चिकटलेलं. "काय गो, गालालाच जेवू घालतेस काय?" सासूबाई म्हणाल्या, आणि मनस्वी खुदकन हसली. शीत काढायला स्वप्नाने हात पुढे केला.

मनस्वीचं हसू थांबलं. घास गालात धरून तिने मान वर केली, जराशी डावीकडे वळवली, डोळे मिटले, श्वास रोखला. कुणी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंचा हात ताटात थबकला. स्वप्नाचाही, हवेत. आपला हात या गालाला शेवटचा कधी लागला होता... नुसताच... तिला आठवेना.

"झालं?" मिटल्या डोळ्यांनीच मनस्वीने विचारलं.

स्वप्नाला हात मागे घेता येईना, पुढेही नेता येईना. खालच्या ताटातून भाताची वाफ वर येत होती, तर्जनीच्या टोकाला लागत होती – कढत, चांगलीच कढत – आणि ते तिला कळत होतं.