घडीत गेलेला विरोध

सोळा वर्षे सर्वांनी मिळून लिहायच्या विकी संकेतस्थळाचे चर्चापान मावशींनी राखले होते. एकच लांब पान, आणि ज्याचे त्याचे म्हणणे वरून खाली, सर्वांच्या डोळ्यांदेखत. भाच्याने त्या जागी प्रत्येक मताखाली त्याची उत्तरे जोडणारी नवी यंत्रणा आणली आणि ती ठेवावी की नाही, याचे मतदानही तिच्यातच घेतले. आज तो मावशींच्या टेबलापाशी येऊन मोठ्या ऐटीत म्हणाला, "मावशी, एकमताने मंजूर!"

"आणि आम्हा बारा जणांचा विरोध कुठे गेला?"

"तुम्ही तो माझ्या प्रस्तावाला उत्तर म्हणून लिहिलात ना? उत्तरे मिटलेलीच दिसतात, मग घडीत गेला असेल. बाण दाबला की उघडतो."

"तू दाबलास?"

"नाही, वर दिसली तेवढीच मते मोजली." उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या किती हे ठाऊक नसते, हे मावशींना नवे नव्हते.

"घडी चादरीची घालतात रे, माणसांच्या बोलण्याची नाही. निकाल चुकला म्हणून जाहीर कर."

त्याने लॅपटॉप उघडला, आणि सर्वांनी नक्की वाचावे म्हणून आपली चूक जुन्याच पानावर कबूल केली. मावशींनी ते पाहिले. उशिरा आलेल्या अकलेचे कौतुक करण्याची त्यांची रीत नव्हती.