वाटीत उरलेलं

टोपीने ठकी बाहुलीचं तोंड आपल्या कानाला लावलं आणि दुसऱ्या हाताने वर्गाला गप्प राहायची खूण केली. टेबलावर दोन सारख्या पसरट वाट्या होत्या. दोन्हींत सारखंच पाणी, मुलांनी स्वतः नाक टेकवून खात्री करून घेतलेलं. त्यांतल्या एका वाटीतलं पाणी बाईंनी आत्ताच एका उंच, अरुंद पेल्यात ओतलं होतं.

"काय म्हणतेय ठकी?" बाईंनी विचारलं. "पेल्यात जास्त, वाटीत जास्त, की सारखंच?"

टोपीने डोळे बारीक केले. ही मुलगी भर उन्हाळ्यातसुद्धा लोकरीची टोपी काढत नसे, आणि तिचं खरं नाव आता बहुधा फक्त हजेरीतच उरलं होतं.

"ती म्हणते, पेल्यात कमी झालं."

"परत कमी!" मागच्या मुलाने कपाळावर हात मारून घेतला. "किती वेळा सांगायचं हिला!"

वर्ग खो-खो हसला. बाईही हसल्या. खिडकीपाशी, मुलांच्या बुटक्या खुर्चीत अंग चोरून बसलेली पाहुणी मात्र हसली नाही.

मुलं तिला पाहुण्या बाई म्हणत. लहान मुलं शिकतात कशी, याचं संशोधन ती करत होती, आणि तिची युक्ती साधी होती. मुलाला स्वतःची चूक बोलायची लाज वाटते, दुसऱ्याची चूक सांगायला मात्र जीभ शिवशिवते. म्हणून तिने काही वर्गांना एकेक कापडी बाहुली दिली होती. ठकीला काही म्हणजे काही येत नाही, तिला तुम्ही शिकवायचं. रोज एकाने तिला कानाशी धरायचं आणि ती काय म्हणते ते सगळ्यांना सांगायचं. ठकीला धडा आला की ती वर्ग सोडून पाहुण्या बाईंबरोबर परत जाणार. मुलं ठकीच्या नावाने स्वतःच्याच शंका खुशाल बोलून टाकत आणि तिला समजावता समजावता स्वतः शहाणी होत. युक्ती छान चालली होती.

फक्त या वर्गातली ठकी चुकत होती ती भलतीच चूक.

या वयातल्या मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. पाणी उंच पेल्यात चढलं की त्यांना ते जास्त वाटतं. इतर वर्गांतल्या ठक्या मुकाट्याने तसंच चुकल्या होत्या. उंच पेल्यात कमी, असं म्हणणारं मूल पाहुणीला सगळ्या नोकरीत भेटलं नव्हतं. इथे तर ठकीला टोपीने धरो की मागच्या मुलाने, ती तेच म्हणे. आणि गंमत म्हणजे ठकी खाली ठेवली की ही सगळी मुलं एका सुरात 'सारखंच' असं बरोबर उत्तर देत.

मधल्या सुट्टीत तिने ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही.

"बाई, रागावू नका, पण तुम्ही मुलांना काही सुचवलंय का?"

"मी?" बाईंनी डबा बंद केला. "अहो, मी तर या बाहुलीला वैतागलेय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही तर मुळात जिवंतच नाही, हिची खोड जायची कशी?"

पाहुणीने चहा न पिताच खाली ठेवला. बाईंनी डबा पिशवीत टाकला.

"पोरांना आलंय ना सगळं? मग न्या तिला आता. खरं सांगू, शाळा सुटल्यावर वर्गात ती एकटी कपाटावर बसलेली असते, तर मी दिवा बंद करून पटकन बाहेर येते. हसाल मला."

"नाही हसणार," पाहुणी म्हणाली. "अजून एकदाच बघू. उद्या."

हे 'उद्या' ती बऱ्याच दिवसांपासून म्हणत होती. इतर वर्गांतल्या ठक्या केव्हाच घरी येऊन खोक्यात पडल्या होत्या. हिलाही तिथेच जावं लागणार होतं, आणि मग तिच्या तोंडून कुणी काही ऐकणार नव्हतं.

ही चूक तिने एकाच घरात शिकवलेली होती. स्वतःच्या.

मुलगी आजारी होती तेव्हा गोळी पाण्यात विरघळवून द्यावी लागे. कडूजहर औषध. वाटी दिसली की ती पोर भिंतीकडे तोंड करायची. मग आई वाटीतलं औषध उंच पेल्यात ओतायची आणि घोटभर हळूच वाटीतच ठेवायची. "बघ, पेल्यात ओतलं की कमी होतं." पोर पेल्याकडे बघायची, मान हलवायची आणि प्यायची. मुलांच्या नेमक्या याच गैरसमजांवर व्याख्यानं देणारी बाई घरी पोटच्या पोरीला सरळ चुकीचं शिकवत होती. उरलेला घोट मोरीत ओतायला तिचा हात धजत नसे. लेकीकडे पाठ करून तो ती स्वतः पिऊन टाकायची.

पोर गेली. तेवढ्याशा औषधाने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. तिनेच आडून आडून विचारलं होतं. पण पटणं वेगळं. घोटाची गोष्ट तिने नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

शेवटची, या वर्गाची ठकी शिवताना कापूस संपला. दुकानं बंद होती आणि सकाळी बाहुली द्यायची होती. तेव्हा तिने कपाटातला लेकीचा एक जुना फ्रॉक कातरला आणि चिंध्या करून ठकीच्या पोटात भरल्या. बाहेरून ती इतरांसारखीच दिसत होती. सगळ्या बाहुल्या अगदी सारख्या हव्यात, हा तिचाच नियम होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगून टाकलं, "आज ठकीची परीक्षा. आणि आज पाणी पाहुण्या बाई ओततील."

पाहुणी टेबलाशी आली. तिने एक वाटी उचलून सगळं पाणी पेल्यात ओतलं. वाटी उपडी धरून शेवटचा थेंबसुद्धा झटकला. मुलांनी वाकून बघितलं. वाटी कोरडी होती.

टोपीने ठकीला कानाशी धरलं. आज तिने बराच वेळ लावला.

"कमीच म्हणते."

"अगं, सांग तिला," मागचा मुलगा उठून उभा राहिला, "सांडलं नाही, प्यायलं नाही, मग कमी कसं होईल?"

टोपीने सांगितलं. ऐकलं. मग ती वर्गाकडे न बघता सरळ पाहुणीकडे बघत म्हणाली,

"ती म्हणते, आईने सांगितलंय. आई खोटं कशाला बोलेल?"

वर्गात हसू फुटलं आणि लगेच विरलं. पाहुणीला घसा खाकरून 'बरं, उद्या बघू' म्हणायला फार काही लागत नव्हतं. ठकी आणखी एक दिवस राहिली असती, आणखी एक दिवस चुकली असती. तिला ते मनापासून हवं होतं. पण ती पोर उत्तराची वाट बघत उभी होती, आणि मुलाला उत्तराशिवाय उभं ठेवायचं नसतं, हे तिनेच किती शिक्षकांना सांगितलं होतं.

ती टोपीसमोर गुडघ्यांवर बसली.

"सांग तिला," ती म्हणाली, "आई खोटं बोलली. पेल्यात कमी होत नाही. आई थोडं वाटीत ठेवायची. औषध कडू होतं म्हणून."

बाईंच्या कपाळावर आठी आली. टोपीने मात्र नवल केलं नाही. तिने निरोप ठकीच्या कानात पोचवला, मग ठकीचं तोंड पुन्हा स्वतःच्या कानाशी नेलं.

"ती म्हणते, मला ठाऊक होतं. तू पाठ करून प्यायचीस. तुझी मान अशी शहारायची." टोपीने खांदे आवळून मान शहारून दाखवली. अगदी तशी.

"टोपी!" बाई ओरडल्या. "पाहुण्या बाईंना अगं-तुगं करतेस?"

"मी नाही करत. ठकी करते."

पाहुणीने हात पुढे केला आणि ठकीच्या डोक्यावरची लोकर नीट केली.

"मग आता?" मागच्या मुलाला धीर धरवेना. "पेल्यात किती?"

टोपीने ऐकलं. "सारखंच, म्हणते."

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. "म्हणजे हिला आधीपासून येत होतं!" तो मुलगा मात्र चिडला. "आणि आम्ही इतके दिवस पालथ्या घड्यावर पाणी!"

घंटा झाली. मुलांनी एकेक करून ठकीला टाटा केला. टोपीने तिला पाहुणीच्या पिशवीत ठेवलं, झोपवलं नाही, बाहेरचं दिसेल अशी बसवलं, आणि मुलांमागून पळाली. बाई दारात घुटमळल्या.

"तुम्हाला बरं वाटत नाही का? थांबू?"

"नाही, तुम्ही व्हा पुढे. मी एवढं आवरते."

तिने पेला उचलला. भरलेली वाटी उचलली. मग दुसरी, मघाशी झटकलेली. तिच्या तळाशी घोटभर पाणी होतं.

बाहेर पटांगणावर मुलं ओरडत होती. सवयीने तिची पाठ वळू लागली, आणि ती थांबली. पिशवीकडे तोंड करून तिने वाटी ओठांना लावली.

पाणी कडू होतं. तिने ते सगळं पिऊन टाकलं.